कानस, शेगडा आणि जॉबरची मर्जी

कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढे मुंबईत गिरण्यांची रांगच लागली. पण साचा चालवायला शिकवणारी शाळा कुठे होती? गावचा कुणी मामा किंवा चुलता आधीच साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात असे. पोरगा त्याच्या साच्यापाशी उभा राही, तुटलेला धागा सांधी, धोट्यातली कांडी बदली. हात बसला आणि जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची मर्जी झाली, की बदली कामगार म्हणून लागे. ही मर्जी बहुधा फुकट होत नसे. दस्तुरी, म्हणजे भरतीसाठीची ही लाच, इतकी सर्रास चाले की १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडे ठेवूच नये, असं सुचवलं.

शाळा निघत होत्या, पण दुसऱ्यांसाठी. पुण्यात १८५४ मध्ये उघडलेला इंजिनिअरिंग क्लास सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवायचा. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून मुंबईत व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथे यांत्रिक ड्रॉइंग शिकवायला होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. गृहस्थ चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलमध्ये आलेले, रंग नीट ओळखू येईनात, तेव्हा रंग सोडून रेघा धरल्या. पुढे बढतीत डावललं गेल्यावर नोकरीवरही पाणी सोडलं आणि बेळगावच्या सायकल दुकानात रमले. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे अर्ध्यात शाळा सोडलेला माणूस यंत्रं जुळवी, शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर रखवाली करीत. मास्तरकी सोडून आलेल्या मालकाने कुणाकडे प्रमाणपत्र मागितलं नाही, यात नवल ते काय!

सगळ्यांना असा मालक मिळणार नव्हता. दार उघडलं ते युद्धाने.

दुसऱ्या महायुद्धात फिटर, टर्नर, वेल्डर हजारोंनी हवे होते. मामाच्या साच्यापाशी वर्षं काढायला वेळ कुणाला होता? सरकारने १९४० मध्ये तंत्रशिक्षण योजना काढली. १९४१ पासून बेव्हिन योजनेत भारतीय कारागीर थेट विलायतेतल्या कारखान्यांत शिकायला जाऊ लागले. युद्ध संपल्यावर प्रशिक्षण केंद्रांत सुटून आलेले सैनिक बसले, मग फाळणीचे निर्वासित. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि तालुक्यातालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची ‘आयटीआय’ ही तीन अक्षरं रुळली.

तिथल्या फिटरच्या पोराची सुरुवात मात्र अगदी जुन्या पद्धतीची. शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानस मारायची. पुढे जाताना दोन्ही हातांचा दाब, मागे येताना नुसती सरकवायची. नवख्याची कानस झोपाळ्यासारखी डोलते. कडा खाली जातात, मधे फुगवटा राहतो. निदेशक जॉब उचलतो, गुण्या लावून उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की परत शेगड्यावर. असे दिवसच्या दिवस. तळहाताला घट्टे पडतात आणि मग एके दिवशी उजेडाची ती रेघ नाहीशी होते. मामाकडे शिकलेल्या पोराला फट कुणी दाखवली नसती. चूक झाली तर टपली बसली असती एवढंच.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. जॉबरच्या कनवटीची किल्ली कागदावर आली. ओळख, शिफारस, आपल्या गावचा माणूस हे सगळं त्यामुळे संपलं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शिवाय ‘दहावीला कमी पडले म्हणून आयटीआय’ हे वाक्य घराघरांत तयारच असतं. तरी मराठवाड्यातला, चाकणमध्ये एकही नातेवाईक नसलेला पोरगा दाखल्याची फाईल काखेत मारून गेटवर उभा राहू शकतो. आत ट्रेड टेस्टला त्याच्या हातात कानस दिली जाते.