ग्रंथागार आणि यंत्रागार

बेंगळुरू शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, पीण्या नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे. लेथ, साचे, सुटे भाग आणि विजेची उपकरणे यांच्या लहानमोठ्या कारखान्यांनी गजबजलेल्या या वसाहतीचे नाव भारतीय विज्ञानाच्या इतिहासात मात्र निराळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथील साध्या औद्योगिक शेडमध्ये प्रा. उडुपी रामचंद्र राव आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह घडविला. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. थोड्याच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. परंतु दूर अंतराळातून येणारे संकेत ग्रहण करण्याची विद्या भारतीयांच्या हाती आली ती आलीच.

यंत्राच्या साहाय्याने माहिती मिळविणे ही एक विद्या आहे. मिळालेली माहिती नावनिशीवार लावून ठेवणे, ती पिढ्यान्‌पिढ्या जतन करणे आणि मागणाऱ्याच्या हाती वेळेवर देणे ही दुसरी. पहिलीचे स्थान यंत्रागारात, तर दुसरीचे ग्रंथागारात. विद्यापीठांच्या आवारात या दोन विद्या दीर्घकाळ एकमेकींपासून दूर नांदल्या आणि मग त्यांना एकत्र यावे लागले. या भेटीचा भारतातील इतिहास पाहू गेल्यास त्यातील कितीतरी महत्त्वाची प्रकरणे याच बेंगळुरू नगरीत घडलेली दिसतात, आणि एक मोठे प्रकरण आपल्या पुण्यात.

या इतिहासाचा आरंभ संगणकापूर्वीचा आहे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या एका अध्यापकाला ग्रंथपाल नेमले. ते अध्यापक म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. ग्रंथसंग्रहाचे मोल त्याच्या वापरावरून ठरते आणि वाचकाचा वेळ दवडणे हा ग्रंथालयाचा दोष होय, हा विचार त्यांनी आयुष्यभर शिकविला. १९३३ साली त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. जुन्या पद्धतींत प्रत्येक विषयासाठी आधीच एक खण ठरलेला असे. रंगनाथनांनी विषयाचे घटक वेगळे केले. 'विसाव्या शतकात विदर्भातील कपाशीवरील रोगांचे निवारण' असा ग्रंथ आला, तर पीक, रोग, उपाय, स्थळ आणि काळ हे त्याचे अवयव सुटे करून त्यांच्या खुणा एकापुढे एक मांडावयाच्या. गणिती मनाला सुचलेली ही रीत पुढे यंत्रालाही मानवणारी ठरली, कारण यंत्राला अर्थ कळत नसला तरी खुणा जुळविणे त्याला उत्तम साधते.

१९५७ च्या सुमारास रंगनाथन बेंगळुरूस स्थायिक झाले. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आमंत्रणावरून १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी तेथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या सांख्यिकी संस्थेने १९५५-५६ च्या सुमारास कलकत्त्यास देशातील पहिले अंकीय गणकयंत्र आणले, तिनेच ग्रंथालयशास्त्राच्या या केंद्रालाही आश्रय दिला. वर्गीकरणाचे संकेत यंत्राला देऊन त्याच्याकडून ग्रंथ आणि लेख शोधून घेण्याचे प्रयोग या केंद्राने त्याच दशकाच्या उत्तरार्धात आरंभिले. त्या काळी आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत गणकयंत्र नव्हतेच. आणि जेथे ते होते तेथे ते गणितज्ञ व अभियंते यांच्याच वाट्याला येई.

नेमक्या याच सुमारास अमेरिकेत दुसरी एक व्यक्ती उलट दिशेने तोच उंबरठा ओलांडीत होती. हेन्रिएट अॅव्हराम या संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या बाई १९६५ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात रुजू झाल्या. ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. सूचीपत्रातील प्रत्येक ओळ, प्रत्येक विरामचिन्ह कशासाठी असते हे त्यांनी तेथील ग्रंथपालांकडून समजून घेतले, आणि मग ग्रंथाची नोंद यंत्राने वाचावी कशी याचा आराखडा तयार केला. 'मार्क' या नावाने तो आज जगभर प्रचलित आहे. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ साली एक संघ स्थापून १९७१ पासून दूरध्वनीच्या तारांवरून सामाईक सूचीकार्य सुरू केले, तेही या आराखड्याच्या आधारावर. एका ग्रंथालयाने ग्रंथाची नोंद केली की इतरांचे श्रम वाचावेत, हा त्यामागील हिशेब.

रंगनाथन हे ग्रंथालयात आलेले गणिती, तर अॅव्हराम या ग्रंथालयात आलेल्या यंत्रज्ञ. दोघांनीही परक्या विद्येचा अधिकार मान्य करून ती आत्मसात केली. ग्रंथालय आणि संगणक विभाग यांची भागीदारी पुढे जेथे जेथे फळास आली, तेथे तेथे असा उंबरठा ओलांडणारा कोणीतरी होता. आणि जेथे तसा कोणी नव्हता तेथे करारपत्रे आणि समित्या असूनही काम अर्धवट राहिले.

याचा प्रत्यय पीण्यापासून जवळच येतो. पीण्याहून शहराकडे निघावे, तर यशवंतपूर ओलांडल्यावर भारतीय विज्ञान संस्थेचे वृक्षाच्छादित आवार लागते. जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीतून १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८३ साली राष्ट्रीय विज्ञान माहिती केंद्र काढले. परदेशी ज्ञानकोशांतील नव्या लेखांच्या याद्या चुंबकीय फितींवर विकत घ्यावयाच्या, देशातील विद्यापीठांमधील संशोधकांचे विषय नोंदवून घ्यावयाचे, संगणकाकडून दोहोंचा मेळ घालावयाचा आणि ज्याच्या कामाचे जे असेल त्याची छापील यादी त्याला टपालाने धाडावयाची, असे तेथील कार्य होते. ज्या विद्यापीठाला ती नियतकालिके घेणे परवडत नव्हते, तेथील अध्यापकालाही आपल्या विषयात जगात काय चालले आहे याची वार्ता त्यामुळे मिळू लागली.

याच केंद्राने २००२ साली, टी. बी. राजशेखर यांच्या पुढाकाराने, संस्थेतील संशोधकांचे लेख एकत्र ठेवणारे संगणकीय भांडार उघडले. एखाद्या शिक्षणसंस्थेचे असे भारतातील हे पहिलेच भांडार होय. त्यासाठी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात तयार झालेली, विनामूल्य मिळणारी आज्ञावली वापरण्यात आली. आरंभ लहान होता. परंतु प्रत्येक लेखाला लेखक, विषय, वर्ष यांची नीट नोंद, प्रत्येकाला कायमचा पत्ता आणि कोणालाही मुक्त प्रवेश, ही शिस्त पहिल्यापासून होती. राजशेखर २००५ साली निवर्तले. भांडार मात्र थांबले नाही. आज संस्थेचे जे. आर. डी. टाटा स्मृती ग्रंथालय ते सांभाळते. कर्ता गेल्यावरही कार्य चालू राहणे, ही संस्थाजीवनातील खरी कसोटी असते.

त्याच आवारातून चाललेल्या दुसऱ्या एका कार्याचे भाग्य वेगळे ठरले. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने भारतीय अंकीय ग्रंथालयाचा भव्य प्रकल्प हाती घेण्यात आला. संगणकशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली, देशभरातील अनेक संस्थांच्या मदतीने, पाच लाखांहून अधिक ग्रंथांची पाने यंत्राने टिपण्यात आली. त्यात मराठीही होती. एरवी एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात कसरीच्या स्वाधीन झालेले दुर्मीळ मराठी ग्रंथ घरबसल्या पाहावयास मिळू लागले, याचे ऋण मराठी अभ्यासक विसरणार नाहीत. परंतु पाने टिपण्याचा वेग मोठा आणि सूचीकार्याची शिस्त मात्र तोकडी. देशी भाषांतील शीर्षके रोमन लिपीत मनास येईल तशी लिहिलेली. लेखकांच्या नावांची रूपे नाना. कोठे पाने गहाळ. ग्रंथ असूनही सापडेना, अशी वाचकाची स्थिती होई. पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाले आणि २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद पडले. काही उत्साही मंडळींनी तेथील ग्रंथांच्या प्रती आधीच अन्यत्र उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांतील बरेचसे धन वाचले. यंत्राचे सामर्थ्य येथे उणे नव्हते. उणीव होती ती ग्रंथपालाच्या मंद, चिकट आणि संशयी श्रमाची.

आता पुण्याकडे वळू. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' हे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान केंद्र उभे राहिले. एकेका विद्यापीठाला न परवडणारी साधने एके ठिकाणी उभारून ती सर्वांना खुली ठेवावीत, हे त्यामागील तत्त्व. देशातील विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली याच केंद्राच्या आश्रयाने सुरू केला. ग्रंथालयांच्या योजनेचा पाळणा खगोलशास्त्रज्ञांच्या घरी हलावा याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु सामाईक साधनांचे तत्त्व दोन्हीकडे एकच होते. १९९६ साली ही योजना स्वतंत्र संस्था झाली; आज तिचे कार्यालय गांधीनगरला आहे. २००० साली तिने विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी 'सोल' ही आज्ञावली काढली. २००९ च्या नियमांनी संशोधन-प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाल्यावर 'शोधगंगा' हे प्रबंधांचे भांडार उभे राहिले. त्यात आज चार लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पूर्वी विद्यापीठाच्या तळघरात एकच बांधीव प्रत असे. ती पाहण्यासाठी परगावच्या अभ्यासकाला अर्ज करून, प्रवास करून यावे लागे.

या सर्व कार्यात खरी अडचण यंत्राची क्वचितच होती. ती क्षेत्राधिकाराची होती. ग्रंथालय शतकांच्या हिशेबाने विचार करते. संगणक विभागाला चारपाच वर्षांनी आपले यंत्र जुने झालेले दिसते. सूची यंत्रावर गेली, तेव्हा ती ग्रंथपालाची की यंत्रचालकाची? यंत्र बिघडले तर जबाबदार कोण? आणि अनुदानाची मुदत संपल्यावर खर्च कोणत्या सदरात टाकावयाचा? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९८६ साली दोन्ही विभाग एका छत्राखाली आणून पाहिले. इतरही अनेक विद्यापीठांनी तो मार्ग धरला. काहींनी मागाहून ते पुन्हा वेगळे केले. यावरून एवढेच सिद्ध होते की, कार्यालयांच्या पाट्या बदलल्याने प्रश्न सुटत नाही. नोंदीची शुद्धता ग्रंथपालाने पाहावी, यंत्राची अखंडता संगणक विभागाने राखावी, आणि दोहोंच्या सातत्याची हमी विद्यापीठाने आपल्या नित्याच्या अंदाजपत्रकात द्यावी, अशी वाटणी स्पष्ट असली की एक छत्र असो वा दोन, काम चालते.

हा प्रश्न केवळ कारभाराचा आहे असेही नाही. केंद्र शासनाची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा विस्तार असून तिचे संयोजन पुण्यात पाळण्यात वाढलेल्या त्या इन्फ्लिबनेटकडेच आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यामुळे जगातील उत्तम नियतकालिके वाचता यावीत, ही गोष्ट लहान नाही. परंतु वर्गणीने मिळते ती वाचनाची परवानगी. जुन्या काळी वर्गणी थांबली तरी मागील अंक कपाटात राहत. आता वाचनाचा हक्क करारातील कलमांवर अवलंबून राहतो. शिवाय जो शासकीय संस्थेत नाही, त्याच्यापर्यंत ही परवानगी पोहोचत नाही.

पीण्यातील लहान कारखानदार हा असाच एक वाचक आहे. धातूला चीर का पडते, साचा लवकर का झिजतो, हे त्याचे रोजचे प्रश्न. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी काही मैलांवरच्या संस्थेतील मुक्त भांडार आणि शोधगंगेतील प्रबंध त्याला आजही उघडे आहेत. ते विकत घ्यावे लागत नाहीत आणि करार संपला म्हणून बंदही होत नाहीत. विद्यापीठाने स्वतः सांभाळलेल्या भांडाराचे मोल येथे कळते.

ज्या पीण्यात आर्यभट घडला, तेथे आज भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे उपग्रहांचा माग घेणारे केंद्र आहे. बेंगळुरूजवळच ब्यालालू येथे २००८ पासून अंतराळविज्ञानातील आधारसामग्रीचे भांडार चालविले जाते. चांद्रयानाने धाडलेले प्रत्येक छायाचित्र तेथे कोणत्या उपकरणाने, कोणत्या क्षणी आणि कोणत्या स्थितीत टिपले याच्या नोंदीसह जतन होते. ती नोंद नसेल, तर ते छायाचित्र नुसतेच काळेपांढरे ठिपके. पुस्तकाच्या पाठीवर खूण लिहिणाऱ्या जुन्या ग्रंथपालाचे आणि अवकाशातून आलेल्या संकेतांना नाव देणाऱ्या आजच्या यंत्रज्ञाचे काम मुळात एकच आहे. हे ज्या विद्यापीठाने ओळखले, तेथील ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती जाईल. ज्याने ओळखले नाही, तेथील यंत्रे नवी राहतील आणि भांडार रिते होत जाईल.