फावडे व कुदळ

फावडे व कुदळ : जमीन खणण्याची व खणलेली माती उचलण्याची हातहत्यारे. कठीण जमिनीतील खोदकामाचे दोन भाग पडतात : घट्ट थर फोडणे आणि फुटलेला माल भरून बाहेर काढणे. ही दोन्ही कामे एकाच हत्याराने करावयाची की निरनिराळ्या हत्यारांनी, या प्रश्नाला वेगवेगळ्या प्रदेशांनी दिलेल्या उत्तरांतून या हत्यारांचा इतिहास घडला आहे. मजुरी खोदलेल्या मातीच्या घनफळावर ठरू लागल्यापासून तर हत्याराची निवड थेट मजुराच्या पोटाशी निगडित झाली.

चीनमधील हमूडू संस्कृतीच्या लोकांनी (इ. स. पू. सु. ५०००) जनावरांच्या खांद्याच्या हाडाला दांडा बांधून मऊ गाळाची जमीन खणली, तर इंग्लंडमधील ग्राइम्स ग्रेव्ह्‌ज येथील चकमकीच्या खाणी खडूच्या घट्ट थरातून हरणाच्या शिंगांच्या टिकावांनी खोदल्या गेल्या. मऊ जमिनीला रुंद पाते व कठीण जमिनीला टोक, हा भेद इतका जुना आहे. लोखंड आल्यावर हत्यार टिकाऊ झाले, पण भेद कायम राहिला. रोमन सैनिक छावणीभोवतीचा खंदक खणण्यासाठी दोलाब्रा नावाचे कुऱ्हाड व टिकाव यांचे जोडहत्यार बाळगीत. महाराष्ट्रात विदर्भातील नैकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे.

दख्खनच्या पठारावरील जमीन खणणाऱ्याची विशेष परीक्षा पाहते. काळी रेगूर माती भिजली की फुगते आणि पात्याला चिकटून बसते. उन्हाळ्यात ती आकसते, तिला भेगा पडतात आणि भेगांमधील ढेकूळ दगडासारखे होते. तिच्याखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण. दुष्काळी कामे बहुधा कोरड्या दिवसांतच निघत, म्हणजे जमीन सर्वांत कठीण असतानाच. अशा जमिनीत येथील रीत अशी : पहारीने वा कुदळीने थर फोडावयाचा, फुटलेला मुरूम फावड्याने ओढून घमेल्यात किंवा पाटीत भरावयाचा आणि डोक्यावरून वाहून न्यावयाचा. मराठी फावड्याचे (काही भागांत यास खोरे म्हणतात) पाते दांड्याशी कोन करून बसविलेले असते. ते ढकलावयाचे नसून आपल्याकडे ओढावयाचे हत्यार आहे. मातीकामात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या माती वडारांचे काम याच हत्यारांवर चाले.

यूरोप-अमेरिकेतील खोरे दांड्याच्या रेषेत असते व पात्याच्या वरच्या कडेवर बुटाचा दाब देऊन ते जमिनीत घुसवितात. फोडणे व उचलणे अशी दोन्ही कामे त्याने करता येतात. अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील एम्स घराण्याने १७७४ पासून अशी खोरी बनविली. याच घराण्यातील ओक्स व ऑलिव्हर हे बंधू १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या यूनियन पॅसिफिक लोहमार्गाच्या उभारणीतही पुढे होते. भारतात हे हत्यार मातीकामात फारसे रुळले नाही. याला मजुरांची पुराणप्रियता कारण मानणे योग्य नव्हे. अनवाणी पायाने लोखंडी कडेवर दिवसभर दाब देणे शक्य नसते आणि मुरुमात तो दाब पुरतही नाही.

फ्रेडरिक टेलर यांनी १८९८ ते १९०१ या काळात बेथलीहेम पोलाद कारखान्यात खोऱ्याच्या कामाचे मोजमाप केले. एका उचलीत सु. २१ पौंड (सु. ९·५ किग्रॅ.) भार असता दिवसाचे काम सर्वाधिक होते, असे त्यांना आढळले. त्यावरून जड खनिजासाठी लहान व हलक्या मालासाठी मोठी खोरी ठरविली गेली आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ४०० ते ६०० मजुरांचे काम १४० जण करू लागले. मात्र हा माल आधीच सुटा होता. न फुटलेल्या जमिनीत मजुराची बरीच शक्ती कुदळीवरच खर्च होते, तेथे या आकड्याचा उपयोग थोडा.

दख्खनमध्ये या प्रश्नाची कठोर बाजू १८७६–७८ च्या दुष्काळात उघड झाली. जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर अल्प रोकड यांवर उतरविली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यातील असंख्य मजूर कामे सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. एवढ्या धान्यावर पहार चालविणे शक्य नाही, हे सांगण्यास वस्तुतः आकडेवारीची गरज नव्हती.

मापाची पद्धत पुढेही टिकली. खड्ड्यात मूळ पातळीचे मातीचे स्तंभ राखून त्यांवरून खोली मोजीत; हिशेब ब्रासमध्ये (१०० घनफूट) होई. दर जमिनीच्या प्रकारावर, म्हणजे मऊ माती, कठीण माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम व खडक यांवर ठरत. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि १९७७ च्या अधिनियमान्वये २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आलेल्या रोजगार हमी योजनेत हाच हिशेब होता. कठीण मुरुमाची नोंद मऊ म्हणून झाली, की तेवढ्याच घामाला कमी दाम मिळे. बोथट कुदळीनेही तेच होई.

म्हणून कठीण जमिनीसाठी हत्यार निवडताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. रुंद पात्याचे फावडे पुष्कळ माल ओढते म्हणून घेतले जाते; परंतु घाव लांब धारेवर विभागला गेल्याने ते जमिनीत शिरत नाही. अरुंद, जाड व किंचित गोलसर धारेचे पाते बरे. दांड्याचे भोक (नेढे) पात्याशी एकसंध घडविलेले असावे. रिव्हेटांनी जोडलेले मुरुमात लवकर खिळखिळे होते. टोकास पाणी बेताचे दिलेले असावे, कारण फार कडक टोक दगडावर तुटते व मऊ टोक वळते. दांड्यास बाभूळ किंवा धावडा चांगला. रेषा सरळ व गाठ नसलेला तुकडा घ्यावा. टिकाव, फावडी व पहारी यांची स्वतंत्र भारतीय मानके आहेत, तथापि गावच्या लोहाराने घडविलेली कुदळ पुष्कळदा त्या जमिनीस अधिक मानवते, कारण ती बोथटल्यावर भट्टीत घालून पुन्हा ठोकणारा तोच असतो. मोठी खोदकामे आता यंत्रांकडे गेली आहेत. झाडाचे आळे, कुंपणाचा खड्डा किंवा अरुंद गल्लीतील नळाचा चर यांसाठी मात्र आधी पहार आणि मग फावडे, हा क्रम चालूच आहे.