शिकवायला वेळ नाही, ही सबब

‘इथे काय शिकवणीवर्ग उघडलाय का? काम वेळेत द्यायचं असतं.’ टीम सांभाळणाऱ्या बऱ्याच साहेबांचं हे ठाम मत असतं. त्यामागे दोन मुद्दे आहेत. एक, शिकवण्यात वेळ मोडतो आणि डेडलाइन कुणासाठी थांबत नाही. तेव्हा ज्याला येतं त्याने करून मोकळं व्हावं. दुसरा, शिकवणारा साहेब मवाळ पडतो आणि लोक डोक्यावर बसतात. दोन्ही मुद्दे अनुभवातून आलेले आहेत, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाहीत. तपासून मात्र पाहता येतात.

वेळेचा मुद्दा तारखा जिथे खरोखर मानगुटीवर बसतात तिथेच, म्हणजे सीएच्या ऑफिसात तपासू. मासिक रिटर्न भरणाऱ्या क्लायंटचं जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारं विवरण, पोर्टलवर १४ तारखेला येतं. जीएसटीआर-३बी, म्हणजे त्या महिन्याचं रिटर्न, भरायचं २० तारखेपर्यंत. मधल्या दिवसांत खरेदीचं रजिस्टर २बीशी जुळवायचं. नव्या आर्टिकलने, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या मुलीने, ते जुळवलं, पण पुरवठादाराने आपलं जीएसटीआर-१ रिटर्न वेळेत न भरल्यामुळे २बीत न आलेल्या बिलांचंही क्रेडिट धरलं. जानेवारी २०२२पासून ते चालत नाही. अशा वेळी बहुतेक सर शीट ओढून घेतात, त्या ओळी स्वतःच काढतात आणि रिटर्न भरून टाकतात. वीस मिनिटांत काम फत्ते! पुढच्या महिन्यात तीच चूक, तीच वीस मिनिटं, वर चिडचिड.

दुसरा मार्ग असा: दोन बिलांवर खूण करायची, ती का चालत नाहीत ते सांगायचं, ‘अशी उरलेली शोधून आण’ म्हणायचं आणि आणल्यावर पुन्हा तपासायचं. पहिल्या महिन्यात तास जातो. दोन-तीन महिन्यांत तीच मुलगी न सांगता पुरवठादाराला फोन लावते, ‘तुमचं जीएसटीआर-१ राहिलंय.’ वेळ वाचवला म्हणणारा साहेब मात्र दरमहा नुसतं व्याज भरत राहतो, मुद्दल तसंच.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी २००० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नेतृत्वाच्या सहा शैली मांडल्या. त्यांतली कोचिंगची शैली सर्वांत कमी वापरली जाते, असं त्यांना आढळलं. अधिकाऱ्यांनी सांगितलेलं कारण हेच: वेळ नाही. पहिल्या बैठकीनंतर जादा वेळ फारसा लागत नाही, हे गोलमन यांचं त्यावरचं उत्तर.

आता मवाळपणा. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांना मवाळ म्हणायची कुणाची छाती होणार नाही. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरने सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. पण हेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत. नेटमध्ये यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद केलं तर ते गोलंदाजाचं, नाबाद राहिला तर सचिनचं. कौतुकाचा शब्द नाही, पण पोराला खऱ्या सामन्यात उतरवण्यासाठी स्वतः केलेली वणवण आहे. साहेब गोड बोलतो की तिरसट, हा प्रश्न गौण आहे. तो आपल्या हातातलं खरं काम शिकणाऱ्याच्या हाती देतो का आणि त्यावर नजर ठेवतो का, हे पाहावं.

म्हणूनच उलट टोकाचं मतही मान्य करता येत नाही. ‘उत्तर देऊ नका, फक्त प्रश्न विचारा’ हा प्रशिक्षणवर्गांतला आवडता मंत्र आहे. ज्या मुलीला नियमच ठाऊक नाही तिला ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसणं म्हणजे छळ. तिथे नियम सरळ सांगावा. १९ तारखेच्या रात्री तर हुकूमच द्यावा. शिकायची इच्छाच नसलेल्यापुढे, किंवा साहेबालाच काम येत नसेल तर, कोचिंगची शैली फसते, हे गोलमन यांनीही नोंदवलं आहे. गूगलच्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अभ्यासाने चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले, त्यांत ‘चांगला कोच’ पहिला आणि तांत्रिक ज्ञान आठवं आलं. पण आठवं असलं तरी ते यादीत आहेच.

मग इतकं असूनही ‘वेळ नाही’ हे उत्तर टिकून का आहे? आर्टिकलशिपमध्ये शिकवणं ही सरांची मेहेरबानी नसते, नोंदणीबरोबर आलेली जबाबदारी असते. सीए अभ्यासक्रमाच्या २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोनवर आला, म्हणजे टाळाटाळीला जागा आणखी कमी. इतर बहुतेक ऑफिसांत अशी जबाबदारी कागदावरही नसते. साहेबाची बढती त्याच्या आकड्यांवर ठरते. त्याने कुणाला तयार केलं, याचा हिशेब कुणी मागत नाही. ज्याची मोजदाद होत नाही त्यासाठी वेळ कोण काढेल?

तेव्हा वार्षिक मूल्यमापनात साहेबाला एवढंच विचारावं: गेल्या वर्षी तुम्ही स्वतः करत होता, असं कोणतं काम आज तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्याशिवाय करतो? हे उत्तर पगारवाढीत धरायला लागा, शिकवायला वेळ आपोआप सापडेल.