आजार आणि दिव्यांगत्व : अनुदानाच्या दोन वाटा

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. जोडीतील एक जण दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळला, की उरतो तो अर्धा कोयता. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात अशा घराला शासकीय अनुदानाचा आधार मोलाचा ठरतो. मात्र अर्ज करताना पहिली अडचण येते ती एका गैरसमजाची. आजार कितीही जुना असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो आपोआप दिव्यांगत्व ठरत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ वर नेली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार यांचा त्यात प्रथमच समावेश झाला. मधुमेह, हृदयविकार व मूत्रपिंडाचा विकार यांना मात्र या यादीत स्थान नाही. मधुमेहामुळे पाय कापावा लागला किंवा दृष्टी गेली, तर त्या हानीची टक्केवारी मोजली जाते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते.

दोन वाटा, दोन रकमा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ ते ६५ वर्षे वयाच्या रुग्णांसाठी दोन वाटा आहेत. पहिली दिव्यांगत्वाची. तीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये असून, ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा अडीच हजार रुपये मंजूर आहेत. दुसरी वाट दुर्धर आजाराची. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना तीतून दीड हजार रुपये मिळतात. येथे उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात-पाय कायमचा निकामी झाला असेल, तर तो कोणत्या वाटेने अर्ज करतो यावर दरमहा एक हजार रुपयांचा फरक पडतो. म्हणून अर्जापूर्वी दिव्यांगत्वाची तपासणी करून घेणे हिताचे.

अर्ज कसा करावा?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे केवळ याच मार्गाने दिली जातात. आधार कार्ड, छायाचित्र आणि उपचारांची जुनी कागदपत्रे जवळ ठेवावीत. आपल्या जिल्ह्यातील किंवा जेथे उपचार सुरू आहेत त्या शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सुधारण्याची शक्यता असल्यास प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मिळण्याचा अर्जदाराला हक्क असून, निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येते.

दुर्धर आजारासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचा दाखला लागतो. अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात, म्हणजे नांदूरघाटच्या रहिवाशांनी केज येथे करावयाचा असतो. त्यासोबत उत्पन्नाचा, वयाचा आणि राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला जोडावा. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

स्थलांतरितांनी घ्यावयाची काळजी

तपासणीला रुग्णाला स्वतः हजर राहावे लागते आणि अनुदान सुरू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. टोळीबरोबर सहा महिने फडावर राहणाऱ्या कुटुंबांनी ही कामे गावी असताना, पावसाळ्यातच उरकणे श्रेयस्कर. कागद एक आणि हंगाम दुसरा अशी चुकामूक झाली, तर पात्र असूनही वर्ष वाया जाते.

यादीत न बसणाऱ्या रुग्णांनाही काही दिलासा आहे. डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे.