मुठीच्या धान्यापासून होस्टेलच्या खोलीपर्यंत



बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. एरवी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं. जूनमध्ये मात्र मुलीचं ॲडमिशन, मुलाचं होस्टेल. मागच्या वर्षी आमच्या एका ताईंनी असंच कर्ज घेतलं. अर्ज मीच लिहून दिला. लेक हुशार, शहरात कॉलेजला गेली. दिवाळीला घरी आली ती परत जाईना. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढलेला नव्हता, त्यामुळे शिष्यवृत्तीचा फॉर्म राहिला. महिन्याचे पैसे पंधरा दिवसांत संपायचे आणि ते घरी सांगायची लाज वाटायची. आई मला म्हणाली, "ताई, तिला मी एका कामाला हात लावू दिला नाही. म्हटलं, तू फक्त अभ्यास कर."

त्या रात्री मला सातारचं बोर्डिंग आठवलं. बी.ए.ला माझा इतिहास होता. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलेलं आता वेगळंच दिसायला लागलं. तेच आज सांगते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 सालचा, कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापूरला गेले आणि तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली होती. भाऊराव स्वतः मॅट्रिक होऊ शकले नाहीत. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांसाठी फिरून माल विकायचं काम केलं. गावोगाव फिरताना शाळेविना राहिलेली पोरं त्यांनी पाहिली. 4 ऑक्टोबर 1919 ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं नाव 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं ठेवलं गेलं.

या बोर्डिंगचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं. एक म्हणजे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एका पंगतीत जेवायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. दुसरी गोष्ट आपल्या आजच्या विषयाची. तिथे आयतं काही नव्हतं. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातलं काम, सगळं मुलांनीच करायचं. लक्षात घ्या, हे मुलगे होते. घरी ज्यांनी कधी ताट उचललं नसेल, ते तिथे भाकरीसाठी पीठ मळत होते. काम वाटून घ्यायचं, वेळेत उरकायचं आणि मग अभ्यासाला बसायचं. संस्थेचं ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण'. 1940 साली साताऱ्यात निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज, दोन्हीकडे 'कमवा आणि शिका' हाच मार्ग होता. गरिबाच्या पोरानं श्रम करून फी भागवायची, कुणापुढे हात पसरायचा नाही. आजही पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्या नावानं चालते.

आता आपल्याकडच्या बायकांचा भाग. बोर्डिंगला धान्य कुठून यायचं? त्यासाठी मुष्टिफंड होता. घरातली बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची, ते गोळा होऊन मुलांच्या जेवणाला जायचं. मैत्रिणींनो, आपली महिन्याची बचत दुसरं काय आहे? आणि मूठ कमी पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडलं. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईनं सगळ्या जातींच्या लेकरांना आईची माया दिली. 1930 मध्ये त्या गेल्या. लोक त्यांना रयत माउली म्हणतात.

हा प्रसंग आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण त्याचा अर्धाच भाग घेतो. आईनं मंगळसूत्र मोडायचं, हे आपल्याला पटकन पटतं. त्याच बोर्डिंगमधली मुलं स्वतःचं काम स्वतः करत होती, ही दुसरी बाजू आपण सोडून देतो. मग आपण कर्ज काढतो, दागिना ठेवतो आणि लेकराला म्हणतो, तू फक्त अभ्यास कर.

मुलींच्या बाबतीतही हा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात आल्या, वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरल्या आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. एवढी हिंमत एका दिवसात येत नाही. आश्रमाचा कारभार सांभाळता सांभाळता ती अंगात मुरली होती.

आपण मुलींना स्वयंपाक शिकवतो, पण पैसा हातात देत नाही. मुलग्यांना पैसा देतो, पण हिशेब विचारत नाही. दोघंही होस्टेलवर अडतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

म्हणून आमच्या गटानं आता ठरवलंय. शिक्षणासाठी कर्ज हवं असेल तर अकरावी संपल्यापासून तयारी दाखवायची. मुलाच्या किंवा मुलीच्या नावाचं बँकेचं खातं हवं, आणि पैसे काढण्या-भरण्याची स्लिप त्यांनीच भरायची. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला काढायला त्यांनीच जायचं, आपण फक्त सोबत. सगळ्या कागदांच्या झेरॉक्ससह एक फाइल, आणि कुठला दाखला कधीपर्यंत चालतो ते वरच्या पानावर लिहिलेलं. आठवड्याच्या बाजाराचे पैसे महिन्यातून एकदा त्यांच्या हातात द्यायचे आणि वहीत हिशेब मागायचा. चुकला तर ओरडायचं नाही. घरी पन्नास रुपये चुकलेले परवडतात. आणि एक, पैसे संपले तर फोन करायला लाजायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

पहिल्या बैठकीत एक काकू रागावल्या. म्हणाल्या, "आमच्या पोरांना कामाला लावता काय?" मी त्यांना मुष्टिफंडाची गोष्ट सांगितली. काकू थोड्या वेळानं म्हणाल्या, "मूठ आपली, पण भाकरी त्यानं थापायची, असंच ना?" मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

ती लेक यंदा पुन्हा कॉलेजला जातेय. वर्ष गेलं ते गेलंच. पण यावेळी तहसीलला ती स्वतः गेली, दोन चकरा मारून दाखला घेऊन आली. फाइल तिनंच लावली. कर्जाचा अर्ज लिहायला मी पेन काढलं तर म्हणाली, "द्या ताई, मी लिहिते."