कात्रीला पुरून उरलेली पावले

चित्रपटातील नृत्याचा इतिहास लिहिताना अमेरिकेच्या निकोलस बंधूंचे नाव टाळून कोणालाही पुढे जाता येत नाही. थोरले फेयार्ड यांचा जन्म १९१४ साली अलाबामातील मोबील येथे झाला, तर धाकटे हॅरल्ड १९२१ साली नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथे जन्मले. दोघांपैकी कोणीही नृत्याचे रीतसर शिक्षण घेतले नाही. आईवडील फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरात स्वतःचा वाद्यवृंद चालवीत. आई पियानो वाजवी, वडील ड्रम. तेथे येणाऱ्या कलावंतांचे नृत्य न्याहाळून लहानगा फेयार्ड शिकला आणि मग तोच धाकट्या भावाचा गुरू झाला. नाचताना आपल्या पायांकडे नव्हे, प्रेक्षकांकडे पाहा, ही वडिलांची शिकवण फेयार्ड पुढे आवर्जून सांगत.

त्यांचे नृत्य 'टॅप' या प्रकारातले. बुटाच्या चवड्याला व टाचेला धातूच्या पट्ट्या बसवून पावलांनीच ताल धरायचा, ही त्याची रीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा ताल आणि आयर्लंड व इंग्लंडच्या लोकनृत्यांतील पदन्यास यांच्या संगमातून ही कला जन्मास आली. १७३९ सालच्या बंडानंतर साउथ कॅरोलिनाच्या सत्ताधाऱ्यांनी १७४० मध्ये कायदा करून गुलामांना ढोल वाजविण्यास मनाई केली होती. ढोल हिरावला गेला, तरी ताल हातापायांत जिवंत राहिला.

१९३२ साली हे भाऊ न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लबात नाचू लागले. तेव्हा हॅरल्ड अवघे अकरा वर्षांचे होते. या क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत. प्रेक्षक म्हणून मात्र केवळ गोऱ्यांनाच प्रवेश असे. १९३४ च्या 'किड मिलियन्स' या चित्रपटाने हॉलिवूडचे दार किलकिले झाले. १९४० च्या 'डाउन अर्जेंटाइन वे'नंतर फॉक्स कंपनीच्या एकामागून एक चित्रपटांत ते झळकले.

परंतु येथे एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. या चित्रपटांत त्यांना क्वचितच खरी भूमिका मिळे. ते येत, नाचत आणि निघून जात. कथेशी त्यांचा धागा जोडलेला नसे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहांना कृष्णवर्णीय कलावंतांचे दृश्य सहज कापून टाकता यावे, म्हणून ही सोय ठेवलेली असे. एखाद्या माणसाची कला हवी, पण तो माणूस आपल्या कथेत नको, असा हा व्यवहार होता.

१९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मधील सर्वच प्रमुख कलावंत कृष्णवर्णीय असल्याने तेथे कात्रीचे काही चालणार नव्हते. कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदाच्या तालावर हे दोघे भाऊ मोठ्या जिन्यावरून खाली येतात. प्रत्येक उडीत एक भाऊ दुसऱ्याच्या डोक्यावरून झेपावतो, खालच्या पायरीवर दोन्ही पाय पुढे-मागे पूर्ण ताणून उतरतो आणि हात न टेकता पुन्हा उभा राहतो. इतके करूनही अंगावरील कोटाची ऐट बिघडत नाही आणि चेहऱ्यावरचे हसू मावळत नाही. चित्रपटातील याहून श्रेष्ठ नृत्य आपण पाहिले नाही, असे फ्रेड अस्टेअर यांनी म्हटल्याचे सांगितले जाते.

१९४८ साली 'द पायरेट'मध्ये जीन केली या गोऱ्या नर्तकाने त्यांच्या खांद्याला खांदा लावून नृत्य केले. दक्षिणेतील काही शहरांत तेही दृश्य कापण्यात आले. पुढे या बंधूंनी युरोपात कार्यक्रम केले. तेथे त्यांचे स्वागत झाले. मायदेशात मानाचे पान मिळण्यास मात्र उशीर लागला. १९८९ साली फेयार्ड यांना नृत्यदिग्दर्शनाबद्दल टोनी पुरस्काराचा वाटा मिळाला, तर १९९१ मध्ये दोघांना केनेडी सेंटरचा सन्मान लाभला. हॅरल्ड २००० साली आणि फेयार्ड २००६ साली निवर्तले.

आम्हांस या इतिहासातील एक विरोधाभास विचार करण्यासारखा वाटतो. ज्या चित्रपटांतून त्यांना वेगळे काढता यावे अशी तजवीज केली होती, त्यांतील बऱ्याचशा कथा आज फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. तीच काही मिनिटांची नृत्ये मात्र जगभरचे नर्तक पुनःपुन्हा पाहतात आणि शिकतात. वडिलांच्या शिकवणीप्रमाणे दोघे भाऊ थेट प्रेक्षकांकडे पाहत नाचले. त्या प्रेक्षकांत त्यांना कापू पाहणारेही होते. त्यांच्यासमोरही दोघांनी पाऊल चुकू दिले नाही.