तालीम, रक्त आणि वजनगट : मराठी अंगकाठीचा इतिहास

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, औरंगाबादला पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा भरली. दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी. कुस्ती म्हटले की आपण थेट कोल्हापूरला जाऊन पोहोचतो. या किताबाचा पहिला आखाडा आजच्या छत्रपती संभाजीनगरात रंगला होता, याचा उल्लेख त्या ओघात सहसा राहून जातो.

केसरी म्हणजे राज्यातला सर्वांत बलवान मल्ल. शब्द ऐकताच रुंद पाठ, जाड मान आणि खांबासारख्या मांड्या असलेला देह डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच्या नऊच वर्षे आधी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव ५७ किलो वजनगटात लढले होते. तेही मराठी मातीतलेच, त्याच जोर-बैठकांच्या परंपरेतले. तालीम सारखी आणि खेळ सारखा असताना शरीरे इतकी वेगळी का? तालमीमुळे, रक्तामुळे, की आणखी कशामुळे?

प्रश्न नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण; पुढे निजामी राजवटीत मराठवाड्याचे शेजारी. त्या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशी वर्गवारी वय, अंगलट आणि बळ पाहून केलेली दिसते. त्यांच्या आहाराचा आणि सरावाचाही विचार आहे. मल्लस्तंभाचा उल्लेखही तिथेच सापडतो. सगळी शरीरे एकाच मापाने मोजता येत नाहीत आणि मल्ल घडवायचा तर त्याला पोसावे लागते, या दोन्ही गोष्टी नऊशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी दरबाराला नीट कळलेल्या होत्या.

आता हौद्यात उतरू. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ केलेली. पहाटे फावड्याने माती खणणे हाही व्यायामच. मग जोर, बैठका, मगदूल फिरवणे, दोर चढणे आणि शेवटी लढत. स्नायूवर नेहमीपेक्षा अधिक भार पडला की त्याचे तंतू जाड होतात. तंतूंची संख्या मात्र फारशी वाढत नाही. हाडही भार ओळखते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. मल्लाची मान जाड का, तर प्रतिस्पर्धी तिच्यावरच लोंबकळतो म्हणून. त्याचे कान मोडलेले का, तर घर्षणाने कानाच्या कुर्चेभोवती रक्त साकळते आणि तिथे गाठ बनते म्हणून. मोडका कान कोणी जन्मतः आणत नाही. मल्लाच्या देहावर तालमीची इतकी नि:संदिग्ध सही दुसरी नाही.

याच कुस्तीच्या पोटातून एक अगदी निराळा देह जन्माला आला. परंपरा सांगते की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. बाळंभटदादा देवधर या कोवळ्या वयाच्या तरुणाने ते स्वीकारले. वणीच्या सप्तशृंगीची उपासना, झाडांवर लीलया चढणारी वानरे आणि त्यावरून सुचलेला मल्लखांब, अशी ती कथा आहे. तिच्यातला दैवी भाग बाजूला ठेवला तरी मर्म उरतेच. धिप्पाड देहाशी वजनाने झुंजता येत नसेल तर पकड, लवचीकता आणि वेग यांनी झुंजावे, आणि त्यासाठी कधीही न थकणारा प्रतिस्पर्धी म्हणून लाकडी खांब रोवावा.

मल्लखांब हा मुळात मल्लाचाच पूरक व्यायाम. पण जो निव्वळ खांबावरच घडला त्याचे शरीर मल्लासारखे झाले नाही. एरंडेल लावलेल्या खांबाला अढी घालायची तर मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू आणि पायाचा अंगठा यांत विलक्षण ताकद हवी. इथे उचलायचे असते ते स्वतःचेच वजन, आणि यात एक जुने गणित आडवे येते. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केले तर स्नायूचा छेद चौपट होतो, वजन मात्र आठपट. बळ छेदावर अवलंबून असल्यामुळे लहान देह स्वतःच्या वजनाच्या मानाने अधिक बलवान ठरतो. हौद्यात वजन ही ठेव असते, कारण ते प्रतिस्पर्ध्याला उचलावे लागते. खांबावर तेच वजन कर्ज होते.

मग रक्ताचे काय? अनुवंशाचा वाटा आहे आणि तो लहान नाही. पोटभर अन्न मिळणाऱ्या समाजांत माणसामाणसांच्या उंचीतील फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. अमेरिका आणि कॅनडातील ‘हेरिटेज’ नावाच्या अभ्यासात अनेक कुटुंबांकडून २० आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला गेला. प्राणवायू वापरण्याची क्षमता कोणाची भरपूर वाढली, तर कोणाची जेमतेम. आणि या फरकाचा जवळपास निम्मा भाग कुटुंबागणिक जुळत होता. म्हणजे तालमीला शरीर किती दाद देईल, हेही काही अंशी वारशाने येते. दोन मुले एकाच वस्तादाकडे सारखेच घाम गाळतात आणि एकाचीच छाती भरते. दुसऱ्याला आळशी ठरवण्याची आपली घाई अनेकदा अन्यायाची असते.

एका जनुकाची गोष्ट तर फार प्रसिद्ध आहे. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन असते. जगातील एक अब्जाहून अधिक माणसांत ते बनतच नाही आणि त्यांचे काही अडतही नाही. मात्र २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अव्वल खेळाडूंची तपासणी झाली तेव्हा धावण्याच्या छोट्या शर्यती आणि शक्तीचे खेळ यांत ते नसलेले खेळाडू फारच विरळ आढळले. तरीही ते प्रथिन असलेला प्रत्येकजण शर्यत जिंकत नाही, हे उघड आहे. ते तर बहुसंख्यांत असतेच. शिवाय अंगकाठी ही शेकडो जनुकांच्या बारीकसारीक परिणामांची बेरीज असते.

व्यक्तीचा वारसा ही एक गोष्ट. जातीचा वारसा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट अगदी दुसरी. इतिहासाने या दोहोंची गल्लत केली आणि तिची किंमत माणसांनी मोजली. १८५७ नंतर ब्रिटिश लष्करात ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत बळावला: काही जमाती जन्मतःच शूर आणि सुदृढ, बाकीच्या नालायक. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार सैनिक पिढ्यान् पिढ्या लढले होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. तरीही १८९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांची भरती बंद झाली. त्यांच्या शरीरात एकाएकी कोणता बदल झाला होता? काहीच नाही. बदलले होते ते निकष लावणारे. गोपाळबाबा वलंगकरांनी या बंदीविरुद्ध सविस्तर अर्ज लिहिला. नोकरी गेली, पगार गेला, त्या पगारातून घरात येणारे अन्न आणि शिक्षणही गेले. आणि अन्न गेले की पुढच्या पिढीची उंची आणि ताकद घटते. सिद्धांत स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो, तो असा.

याच काळात कवट्या आणि नाके मोजून माणसांची प्रतवारी लावणारे शास्त्रही जोरात होते. इरावती कर्वे १९२० च्या दशकाअखेरीस बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशर या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीची असममिती हा होता. गुरूला अपेक्षित असलेला वंशभेद त्यांना मोजमापांत सापडला नाही, आणि त्यांनी तो सापडला असे लिहिलेही नाही. त्या काळातल्या बर्लिनमध्ये एका मराठी विद्यार्थिनीने हे करणे फार धाडसाचे होते.

महार रेजिमेंट अखेर १९४१ मध्ये उभी राहिली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर तिच्यातच भरती झाला. सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू पाहून तो २०१५ मध्ये लष्करातल्या क्रॉसकंट्रीकडे वळला. पुढे त्याने वाढलेले सुमारे वीस किलो वजन काही महिन्यांत उतरवले आणि तो ३,००० मीटर स्टीपलचेस पळू लागला. लांब पल्ल्याच्या सरावाने स्नायू फुगत नाहीत. त्यांतल्या केशवाहिन्या आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, आणि प्रत्येक फालतू किलो अडथळ्यांवरून वाहून न्यावा लागतो. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या! २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले आणि जुलै २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्या यशात अनुवंशाचा वाटा असणारच. पण तो वाटा आहे, हे कळायला आधी भरतीचे दार उघडे असावे लागले.

पुन्हा खाशाबांकडे. मैदानी कुस्तीत जोड लावताना अंगलट पाहिली जाते खरी, पण मोठा किताब आणि मोठे इनाम नेहमी जड मल्लांच्या वाट्याला. निकाली कुस्तीला घड्याळ नसते. तिथे वजन आणि दम मिळून समोरच्याला थकवता येते. साहजिकच वस्तादांची नजर थोराड पोरावर जाते आणि खुराकाचे दूध, तूप, बदामही त्याच्याकडेच. ऑलिम्पिकच्या वजनगटांनी हे गणित उलटवले. १९४८ मध्ये लंडनला खाशाबा ५२ किलो गटात सहावे आले. मातीऐवजी गादीवर लढण्याची सवय नव्हती, तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केले. चार वर्षांनी पदक आले. आज गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, त्यामुळे स्फोटक ताकद आणि झटपट सावरण्याची क्षमता असलेले सडसडीत, पिळदार मल्ल पुढे येतात. अंगकाठी तालमीत घडते, अनुवंशाच्या मर्यादेत घडते. पण घडलेल्यांपैकी कोणती अंगकाठी आपल्याला दिसावी, हे नियमपुस्तक ठरवते.

महाराष्ट्र केसरी किताबाची लढत आता ८६ ते १२५ किलो गटातल्या मल्लांत होते. खाशाबांचा हेलसिंकीचा वजनगट या गटाच्या खालच्या मर्यादेपेक्षा २९ किलोंनी हलका होता.